रुळावर अडकलेली दमणी

माझी बायको गेल्या चैत्रात गेली. तेव्हापासून घरातले सगळे माझ्याशी हळू बोलतात आणि माझ्या चहात साखर जास्त घालतात. मला दोन्ही आवडत नाही. रडू येतं तेव्हा मी रडतो, त्यात लपवायचं काय? पण तिची आठवण आली की निम्म्या वेळा मला हसूच येतं. सुना एकमेकींकडे बघतात, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं म्हणून. डोकं जागेवर आहे. हसायचं कारण एकदा लिहूनच टाकतो. लिहिणारा मराठी तिसरीपर्यंत शिकलेला आहे. चुकलं असेल तिथं वाचणाऱ्यानं आपल्या मनानं दुरुस्त करून घ्यावं.

तेव्हा आमचं वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलेलं होतं. हुकूम नागपूरहून यायचे आणि आगगाडी मुंबईहून यायची. हुकमाशी मला घेणं नव्हतं. गाडीशी होतं. नांदुरा आणि जलंब या स्टेशनांच्या मधे आमच्या शिवारातून रूळ गेले होते. उत्तरेला आमचं गाव, दक्षिणेला तिचं. दोन्ही गावांची शीव रुळाशी येऊन संपायची, आणि रस्ता रूळ ओलांडायचा तिथं फाटक होतं.

मला गाड्या पाहायचं वेड होतं. शौक वगैरे नाही, वेड. मोट चालू असताना रुळांचा आवाज आला की मी बैल तसेच उभे करून बांधावर पळायचो. डबे मोजायचो. इंजिनाच्या अंगावर नंबर असायचा, तो घोकत घोकत घरी यायचो आणि गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं लिहायचो. एक नंबर दुसऱ्यांदा दिसला की त्याच्यापुढे एक रेघ. तिसऱ्यांदा, दुसरी रेघ. कोणता उपयोग? कोणताही नाही. पण नवा नंबर मिळाला की त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खायचो.

बाप लहानपणी वारला, म्हणून मला काकानं वाढवलं. काका गोठ्यात आला की म्हणायचा, "काय बे हे? भिंतीले खरूज झाली काय?" दिवाळीला तो चुना मारायचा आणि पाडव्याला मी पहिल्यापासून सुरू करायचो. काकाला सगळ्या गाड्या सारख्या. मेल असो, पाशिंजर असो, मालगाडी असो, तो म्हणायचा, "धूर सोडते, बोंबलते, निंगून जाते. त्यात पाह्याचं काय?" काकाचं वेड वेगळं होतं. त्याला मान लागायचा. पंगतीत पहिलं पान त्याचं. कुणाच्या घरी गेला तर पाय धुवायला पाणी दारातच आलं पाहिजे, नाहीतर दारातूनच परत. एकदा एका घरून लाडू न खाता उठून आला, कारण पाट दुसऱ्याला आधी दिला. लाडू त्याला फार आवडायचे, तरी.

फाटकवाला म्हातारा होता आणि रुळालगत त्याची एका खोलीची गुमटी होती. मी त्याला शेतातला कांदा, वांगी नेऊन द्यायचो, आणि तो मला फाटकाची विद्या शिकवायचा. लोकांना वाटतं, फाटकवाला मनात येईल तेव्हा रस्ता अडवतो. तसं नसतं. स्टेशनातून गुमटीत घंटी वाजते. मग त्यानं रस्त्यावरचे दोन्ही दरवाजे ओढून कुलूप घालायचं. कुलूप पुरतं बसलं तरच त्यातून किल्ली निघते. ती किल्ली शिंगलच्या दांड्याच्या पेटीत घालायची, तेव्हा कुठं दांडा हलतो आणि दूर वळणापलीकडे शिंगलचा हात खाली पडतो. हात पडला म्हणजे डायवरला रस्ता मोकळा. आणि हात खाली आहे तोवर पेटी किल्ली सोडत नाही, म्हणजे फाटक उघडता येत नाही.

मी विचारलं, "म्हंजे फाटक उघडं राह्यलं तर?"

"तर शिंगल पडनारच नाई. गाडी वळनापलीकडे उभी राह्यते, शिट्ट्या मारत."

"मेल बी?"

"मेल बी. पन माझ्या फाटकावर अजून राह्यली नाई. तोंड वाईट नोको करू."

मला हे इतकं आवडलं की त्या दिवशी मी घरच्या कोठीचं कुलूप दहादा लावून उघडून पाहिलं. त्यातून किल्ली कशीही निघायची. त्या कुलपाबद्दल माझा आदर तेव्हापासून गेला.

ती मला या फाटकाशीच दिसली. नांदुऱ्याच्या बाजाराचा दिवस. तिच्या बापाची बैलबंडी पलीकडच्या दरवाजामागे थांबलेली, मी अलीकडच्या. फाटकवाला कुलूप घालून म्हणाला, "पाशिंजर येऊन राह्यली."

बंडीतून आवाज आला, "पाशिंजर नोहे दादा. मालगाडी हाये. रडकी वढून राह्यली तिले."

फाटकवाला हसला. मीही हसलो. मग वळणावरून मालगाडी आली, आणि तिच्या इंजिनाची शिट्टी खरंच हुंदका दिल्यासारखी होती. इतकी वर्षं मी त्या इंजिनाचा नंबर लिहीत होतो, पण ते रडतं हे माझ्या कानाला कळलं नव्हतं. मी वाकून दरवाजाच्या पट्ट्यांमधून पाहिलं. सगळे डबे निघून गेल्यावर ती दिसली. पोत्यावर बसलेली, पदर नीट, तोंडावर विजय.

परक्या पोरीशी बोलायची सोय नव्हती. मी फाटकवाल्याला मोठ्यानं म्हणालो, "दादा, त्या रडकीचा नंबर मले पाठ हाये."

तिकडूनही उत्तर फाटकवाल्यालाच आलं, "नंबर घेऊन काय चाटाचा हाये, दादा? आवाज ओयखता आला पायजे."

तिचा बाप म्हणाला, "चूप बस वं." फाटकवाला दोन्हीकडे बघत मधे उभा होता, कुलपाची किल्ली हातात घेऊन.

मग दर बाजाराला हेच. तिनं इंजिनांना नावं ठेवली होती. एक ढोली, एक खोकली, एक घोगरी. मी नंबर सांगायचो, ती आवाज सांगायची, सगळं फाटकवाल्याच्या मार्फत. काही महिन्यांनी म्हाताराच कंटाळला. मला म्हणाला, "तू लगीन करून टाक बे. माह्या घशाले कोरड पडून राह्यली."

काकाला सांगायला मला आठ दिवस लागले. काकूच्या बहिणीची मुलगी पिंपळगाव राजाला होती आणि काकाच्या मनात ती होती. पण का कोण जाणे, त्यानं होकार दिला. वर एक अट घातली. "पाह्य, तुझ्या हट्टापायी मी हो म्हनून राह्यलो. पन मानात कमी पडलं, नाईतर मुहूर्त चुकला, तर वरात तशीच पिंपळगाव राजाकडे वळवीन. तठी मांडव घालाले घटकाभर पुरते." सगळे हसले. मी हसलो नाही. काका थट्टा करत नसे, त्याला ती येतच नसे.

लग्न वैशाखातलं, भर सकाळचं. दोन्ही गावांत मिळून घड्याळ एकही नव्हतं. होतं ते गुमटीत, रेल्वे कंपनीचं. बाकी आमची सगळ्यांची वेळ गाडीवर. पाशिंजर गेली की न्याहारी, मेल गेली की बाया दुपारच्या भाकरीचं पीठ काढायच्या. तिच्याकडच्या भटजींनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं, मेल जाते त्यानंतर एक घटका, तेवढ्यात हार पडले पाहिजेत. पुढचा वेळ वाईट. घटका मोजायला त्यांनी मांडवात घंगाळात पाणी भरून तळाला भोक असलेली तांब्याची वाटी तरंगत ठेवली होती. वाटी भरून बुडली की एक घटका झाली.

आम्ही फाटकाशी पोचलो तेव्हा ते बंद होतं. मी पुढच्या दमणीत, म्हणजे हलक्या बैलगाडीत, बाशिंग बांधून. मागे आठ-दहा बंड्या. पलीकडे तिचा बाप, चार मंडळी आणि वाजंत्री, ओवाळायचं ताट घेऊन उभे. मालगाडी गेली. फाटकवाल्यानं दरवाजे उघडले. आणि कोणीच हललं नाही.

काका म्हणाला, "शिवेभायेर येऊन सामोरं जानं नवरीकडच्याइचं काम हाये. या इकडे."

तिचा बाप म्हणाला, "आमी शिवेवरच उभे हाओत, व्याहीबुवा. शीव आमची हाये. तुमी या."

"तुमची शीव रुळापाशी सरते."

"मंग तुमची बी तठीच सरते. रुळापर्यंत या."

"आमी आधी पाऊल टाकाचं काय?"

"आमी तरी काऊन टाकाचं?"

दोन्हीकडचे वाजंत्री जोर करून वाजवायला लागले, जणू त्यांच्यावरच निकाल ठरणार होता. मी दमणीत बसून गुमटीच्या दारातून आतलं घड्याळ पाहत होतो. तिसरीत शिकलेलं मला तेवढंच कामाला आलं. मेलच्या वेळेला वीस मिनिटं होती. मग पंधरा. मी म्हणालो, "काका, जाऊ द्या ना." काका म्हणाला, "नवरदेवानं बोलाचं नसते."

शेवटी फाटकवाला दोघांच्या मधे येऊन उभा राहिला. म्हणाला, "हे पाहा, दोन दरवाज्याइच्या मधली जमीन कंपनीची हाये. ना तुमची शीव, ना त्याइची. तुमी बी या, थे बी येतीन. अन् जे काय ओवायाचं थे लवकर ओवाया, मेलची येळ झाली."

काका विचारात पडला. कंपनीच्या जमिनीवर मान घ्यायचा, हे त्याला एकदम पटलं. "हाक बे," म्हणाला.

दमणी निघाली. आता, फाटकात रुळालगत फळ्या बसवलेल्या असतात, आणि रूळ आणि फळी यांच्यामधे आगगाडीच्या चाकासाठी एक खाच असते. बंडी सरळ गेली तर काही होत नाही. पण समोरून वाजंत्री आले, सनईवाल्यानं सूर अगदी बैलाच्या नाकावर काढला, उजवा बैल बुजून वळला, आणि दमणीचं बारीक चाक त्या खाचेत जाऊन असं बसलं की कुलपातली किल्ली बरी. बैल ओढायचे ते बाजूला, आणि चाक आणखी घट्ट.

मी उतरायला लागलो. वजन कमी झालं असतं तर चाक निघालं असतं. काकानं माझ्या छातीवर हात ठेवला. "शिवेची पूजा झाल्याबिगर नवरदेव भुईवर पाय ठेवत नाई."

"काका, दमणी रुळावर हाये."

"असू दे. आधी पाय धुवू दे त्याइले."

आणि माझे पाय धुतले. मी दमणीतून पाय खाली सोडलेले, खाली कंपनीचे रूळ, आणि तिचा बाप लोट्यानं पाणी घालतोय. गुमटीत घंटी वाजली. मी ओरडलो, "दादा, मेल?"

फाटकवाला म्हणाला, "मेल." वाजंत्र्यांच्या गोंगाटात काकाला ते ऐकू गेलं नाही. म्हाताऱ्याचं तोंड राखेसारखं झालं होतं. दरवाजे लावता येईनात, म्हणजे कुलूप लागेना, म्हणजे किल्ली निघेना, म्हणजे शिंगल पडेना. तो लाल झेंडी घेऊन वळणाकडे धावत गेला.

मग वळणापलीकडून शिट्टी आली. लांब, रागीट. मग दुसरी. गाडी दिसत नव्हती, वळणावर उंचवटा होता. काकाला वाटलं, नेहमीसारखी एखादी मालगाडी रडतेय. मला माहीत होतं. मुंबईची मेल माझ्यासाठी उभी होती. खरं सांगतो, त्या क्षणी माझी छाती फुगून बाशिंगाचा दोरा ताणला गेला. मग नजर घड्याळाकडे गेली आणि छाती खाली बसली, कारण मुहूर्त काही उभा नव्हता. दहा मिनिटं गेली. पंधरा. काका एकेक मान वसूल करत होता. फेटा झाला, नारळ झाला, व्याहीभेट झाली, मग मामाची भेट झाली, मग काकाला आठवलं की कुंकू फक्त पुढच्या बैलांना लावलंय, मागच्या बंड्यांच्या बैलांना नाही. वीस. पंचवीस. दर दोन मिनिटांनी तिकडून शिट्टी. एक घटका म्हणजे चोवीस मिनिटं. मुहूर्त माझ्या डोळ्यांदेखत गेला, आणि तेव्हा काका सगळ्या बैलांना कुंकू लागलंय ना ते वाकून पाहत होता.

मग मला उतरू दिलं. सहा जणांनी दमणी उचलून खाचेतून काढली. आम्ही पलीकडे गेलो, दरवाजे लागले, किल्ली फिरली, आणि आम्ही गावात शिरता शिरता मागून मेल धडधडत गेली. डायवरनं बाहेर वाकून आमच्याकडे बघून हात कसा केला तो मी इथं लिहीत नाही.

मांडवात काय झालं होतं ते ऐका. गावातले सगळे मजा बघायला फाटकाच्या रस्त्यावर आलेले, भटजी आत फराळाला बसलेले, बाया नवरीजवळ. मांडवात एक वासरू शिरलं आणि घंगाळातलं पाणी पिऊन मोकळं झालं. वाटी तळाशी कोरडी. भटजी बाहेर आले, कपाळाला हात लावला. तेवढ्यात मेलचा आवाज आला आणि बाया म्हणाल्या, मेल गेली. भटजींचा जीव भांड्यात पडला. मेल आत्ता गेली म्हणजे अजून पुरी एक घटका हातात आहे.

आम्ही पोचलो तर भटजी हसतमुख. तिचा बाप येतानाच घाबरला होता, तो भटजींचं ऐकून सुटकेनं खालीच बसला. काका मात्र ताठ. "येळ हाये ना? नीट सांगा. नसन तर आमी माघारी चाललो."

"आहे की. मेल आत्ताच गेली. मेलच होती ना ती?"

काका म्हणाला, "मले काय ठाऊक? याले ईचारा, हा गाड्याइचा येडा हाये."

सगळा मांडव माझ्याकडे बघायला लागला. मी आयुष्यात फार खोटं बोललेलो नाही. तेव्हाही बोललो नाही. मी म्हणालो, "हो. मेलच होती."

त्यांनी एवढंच विचारलं होतं.

अंतरपाट धरला. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, हार पडले. वाजंत्र्यांचा असा गोंगाट की शेजारच्याला शेजारच्याचं ऐकू येईना. माझ्या गळ्यात हार घालताना ती मान खाली घालून पुटपुटली. नवऱ्याशी बोललेलं तिचं पहिलं वाक्य. फाटकवाल्याच्या मार्फत नसलेलं पहिलंच.

"किती येळ उभी होती?"

तिनं आतल्या खोलीत बसून शिट्ट्या ओळखल्या होत्या. मी म्हणालो, "पस्तीस मिनिटं."

"मंग चूप राह्यजा," ती म्हणाली.

मला हसू आलं. भटजींना वाटलं, पोरगा खूश आहे. होतोच.

चार दिवस सुखाचे गेले. पाचव्या दिवशी ती चुलीपुढे भाकरी थापत होती आणि फाटकवाला दारात आला. काका शेतात होता. म्हाताऱ्याचा फेटासुद्धा नीट नव्हता. मेल अडवली म्हणून नांदुऱ्याला साहेब चौकशी करणार होता. कुणीतरी लिहून दिलं होतं की फाटकवाला झोपला होता. नोकरी जाणार. तो म्हणाला, "तू फक्त जे झालं थे सांग. चाक कधी फसलं, कधी निंगालं. घड्याळ तूच पाह्यत होता."

तो गेल्यावर मी तिच्याजवळ बसलो. म्हणालो, "मिनिटं सांगतली की काकाले कळलं."

"कळू द्या."

"लगीन मुहूर्तावर लागलं नाई म्हनून तुले माहेरी धाडलं तर? तो धाडते. तो लाडू सोडून येनारा मानूस हाये."

तिनं भाकरी तव्यावर टाकली. "दादाची भाकर जाऊन राह्यली, अन् तुमाले ईचार पडला?" मग पुढचा गोळा मळत म्हणाली, "धाडलं तर धाडलं. मी फाटकाच्या तिकडे, तुमी इकडे. बाजार तर भरतेच." असं म्हणून तोंड फिरवलं, आणि ती भाकरी करपली. तिच्या हातची करपलेली भाकरी मी तेव्हा पहिल्यांदा खाल्ली.

साहेबानं बोलावलंय म्हटल्यावर काका नवा फेटा बांधून स्वतःच बरोबर आला. तो मानाचा भाग होता. स्टेशनात मी सगळं सांगितलं. बैल बुजला, चाक फसलं, घंटी अमुक वेळी वाजली, दरवाजे अमुक वेळी लागले, म्हातारा जागा होता आणि झेंडी घेऊन पळत होता. बाबूनं लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. मेल पस्तीस मिनिटं उभी. मी सही केली. फाटकवाल्याला साहेबानं खूप झापलं, पण नोकरी ठेवली.

काका बाबूजवळ गेला. "एक घटका म्हंजे किती मिनिटं हो?"

"चोवीस."

परतीच्या वाटेवर बंडीत काका बोटांची पेरं मोजत होता. आमची शीव येईपर्यंत हिशेब पुरा झाला होता. घरात शिरला तो ओरडतच. "लगीन लागलंच नाई हे! मुहूर्त निंगून गेल्यावर हार पडले. अन् हा पोट्टा मांडवात उभा राहून म्हनते, मेलच होती! बंडी जुंपा. पोट्टीले माहेरी पोचवा." काकू मधे पडली तर तिलाही बोलला. मी म्हणालो, मी पण जातो मग. तो म्हणाला, जा.

तेव्हा ती चुलीपासून उठून ओटीवर आली. डोक्यावर पदर, हाताला पीठ. नवी सून काकासारख्यापुढे तोंड उघडते, हे आमच्या घरानं तोवर पाहिलं नव्हतं.

"मामाजी, एक ईचारू?"

काका इतका दचकला की हो म्हणून गेला.

"मुहूर्तावर लगीन कोनाचं बी लागते. या वैशाखात आपल्या गावात किती लागले?"

"लागले असतीन पाच-सात."

"त्यातल्या कोनासाठी मेल थांबली होती?"

काकाची बोटं पुन्हा पेरं मोजायला लागली.

"जहागीरदाराच्या पोराचं झालं, हत्ती आनला होता म्हनतात. त्याच्यासाठी थांबली होती?"

काका ओट्यावर बसला. काकूनं पाण्याचा लोटा दिला, तो तसाच हातात धरून राहिला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "काय बे, खरंच कोनाच्या लग्नात थांबली नाई?"

मी म्हणालो, "या रुळावर तरी नाई, काका. फाटकवाल्याले ईचारा."

"अन् साहेबानं कागदावर लिहून घेतलं ना थे?"

"घेतलं. माह्यी सही हाये."

"कागदावर हाये," काका स्वतःशीच म्हणाला. पाणी प्यायला. मग म्हणाला, "बंडी सोडा."

दुसऱ्या दिवशी त्यानं पिंपळगाव राजाला साडूकडे मुद्दाम जाऊन सांगितलं की आमच्या पोराच्या लग्नात मेल उभी होती. मग खामगावला सांगितलं. मग सोनाळ्याला, तिथं आमचं कोणी नव्हतं तरी. सांगता सांगता पस्तीस मिनिटांचा एक तास झाला. काका म्हातारा होईपर्यंत डायवर खाली उतरून पंगतीला बसला होता, आणि पहिलं पान अर्थात काकाचं, दुसरं डायवरचं. ती वाढत असायची आणि ऐकून हसू दाबायची. ताक सांडायची. काका म्हणायचा, सूनबाई चांगली हाये पन हातात जीव नाई.

पुढे आम्हाला तीन मुलं झाली. शेत झालं, दुष्काळ झाले, दुखणी झाली, भांडणं तर किती. वाईट वेळी लागलेलं लग्न म्हणे. एकदा आम्ही दोघं बांधावर बसलो होतो, केस पिकल्यावर, आणि कोळशाची इंजिनं कमी होत चालली होती. ती म्हणाली, "भटजीचा मुहूर्त धरला असता तर काय झालं असतं वो?" मी म्हणालो, "बायको पिंपळगाव राजाची झाली असती." तिनं माझ्या पाठीत गुद्दा घातला.

हे सगळं मी सांगायला लागलो की ती मधे तोंड घालायची. पस्तीस नव्हे छत्तीस म्हणायची, सनईवाला नव्हे डफडेवाला म्हणायची, आणि काकाचा फेटा कोणत्या रंगाचा यावरून आमची गोष्ट तिथंच थांबायची. इतक्या वर्षांत एकदाही शेवटापर्यंत पोचलो नाही. आज सकाळी लिहायला बसलो आणि दुपारच्या जेवणाआधी सगळं लिहून झालं. कोणी मधे बोललंच नाही.